अंगठा उमटला नाही, पैसे मात्र गेले

मालिकेत वऱ्हाडी बोलणारं पात्र दिसलं की ते बहुधा घरगडी असतं, हवालदार असतं, नाहीतर हसवायला आणलेला मामा. म्हणून संहिता हातात आली की मी आधी बघते, कोण कोणती बोली बोलतं आणि त्याच्या वाट्याला काय येतं. नटांकडून बोली बसवून घेणं हेच माझं काम आहे.

परवा सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये नव्या मालिकेचं पहिलं वाचन होतं. गोष्ट नागपुरातली, विषय ओळखचोरीचा. धरमपेठेतल्या निवृत्त प्राध्यापकांच्या नावावर कोणीतरी कर्ज काढतं आणि त्यांची मुलगी छडा लावते. दोघंही पुस्तकी मराठी बोलणारे. घरकाम करणारी यमुना वऱ्हाडी बोलते आणि तिची सगळी वाक्यं विनोदाची. चोर मोमीनपुऱ्यातला, म्हणजे शहरातल्या मुस्लिमबहुल वस्तीतला. का, याचं संहितेत काही कारण नाही.

यमुनाची वाक्यं वाचायला भंडारा जिल्ह्यातल्या एक बाई आल्या होत्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर उभी हयात गेलेल्या. त्यांनी वाचलं, लोक हसले. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, अजून थोडं गावरान करा."

बाईंनी कागद खाली ठेवला. "करतो जी. पन ओळख चोरीले गेली ते यमुनाचीच काहून नाई?" आणि त्यांनी आपल्या जावेची हकीकत सांगितली.

जाऊ बिडी वळते. निराधार योजनेचे पैसे काढायला ती गावातल्या केंद्रावर जायची, मशीनवर अंगठा ठेवून. "पोट्टा म्हने, ठसा नाई उमटला माय, परत लाव. हिनं परत लावला. मशीनच खराब आहे म्हने. दरवेळी पैसे निघून राह्यले होते, अन् हिच्या हातात एकाच बारीचे पडले." बँकेचे मेसेज जायचे पुण्यातल्या पुतण्याच्या फोनवर, कारण खात्याला नंबर त्याचा जोडलेला. पासबुक भरून आणलं तेव्हा उलगडा झाला.

हॉल एकदम गप्प झाला. मग लेखक म्हणाला, ही साधी फसवणूक झाली, ओळखचोरी नाही. इथे मला राहवलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी २००८ च्या दुरुस्तीने आलं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा कोणतीही विशिष्ट ओळखखूण अप्रामाणिकपणे वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. अंगठ्याच्या ठशाहून विशिष्ट खूण ती काय असणार? आधारवरून पैसे काढताना आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर काम होतं. ओटीपी नाही, पिन नाही. प्राध्यापक पासवर्ड बदलू शकतात. जाऊबाई अंगठा कुठून बदलणार? बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे ठशाचा वापर बंद ठेवता येतो, पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल स्वतःच्या हातात असावा लागतो. आणि तेंदूपानं हाताळून, बिड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा खरंच पुष्कळदा उमटत नाही. ती पोराच्या बोलण्यावर विश्वास ठेवते तो याच अनुभवामुळे.

चोराबद्दलही मी विचारलं. मोमीनपुराच का? "तिथल्या गल्ल्या कॅमेऱ्यात छान दिसतात," असं उत्तर आलं. मला त्याचा संताप आला आणि तो मी लपवला नाही. छान दिसतात म्हणून एका अख्ख्या वस्तीच्या कपाळी चोरी लिहायची? जावेला फसवणारा तिच्याच गावचा, तिचीच बोली बोलणारा, तिला 'माय' म्हणणारा होता. परक्याला तिचा अंगठा पुन्हा पुन्हा मागता आला नसता. गुन्हा चालतो तोच आपलेपणावर आणि नाटक तिथेच आहे.

दिग्दर्शकांनी ऐकून घेतलं, याचं मला समाधान आहे. पहिला भाग नव्याने लिहिला जातोय. आता गोष्ट यमुनाची, प्राध्यापक तिला तक्रार लिहून देणारे शेजारी, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून देणारे. चोराचा पत्ता बदलला आहे.

भूमिकेचं मात्र ठरलेलं नाही. निर्मात्यांना मुंबईची ओळखीची नटी हवी आहे, तिला वऱ्हाडी मी शिकवावी असं म्हणणं आहे. मी लेखी कळवलंय की यमुना त्या बाईंनीच करावी, आणि नाहीतर बोली शिकवायला दुसरं कोणी बघावं. दिवाळीनंतर त्यांचे झाडीपट्टीचे प्रयोग सुरू होतील आणि मग तारखा मिळणार नाहीत. करार त्याआधी त्यांच्या हाती पडायला हवा.