हॉविकचे पन्नास खांब

डरबन, ऑगस्ट. रविवार, रात्र.

घर कधीचं झोपलंय. मला मात्र डोळे मिटले की ते खांबच दिसतायत, म्हणून वही काढली.

आज हॉविकला जाऊन आलो. नेल्सन मंडेलांना जिथे पकडलं ती जागा. पीटरमॅरित्झबर्ग ओलांडून पुढे गेलो. १८९३ साली गांधीजींना गाडीतून खाली उतरवलं ते हेच गाव. येताना स्टेशन बघू म्हटलं होतं, पण अंधार पडला. इकडे ऑगस्ट म्हणजे थंडी. सगळे उतार वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे आणि मध्येच जाळलेल्या गवताचे काळे पट्टे. वणव्यानंतर आपले डोंगर दिसतात, अगदी तसे. त्या काळ्यात कुठे कुठे हिरवं फुटू लागलेलं. गाडीतून उतरल्यावर मी आधी तेच वाकून बघितलं.

मग ते शिल्प. लांबून वाटलं, रानात पानं झडलेली झाडं दाटीनं उभी आहेत. पोलादाचे ५० उंच खांब. सगळ्यात छोटा साडेसहा मीटर, मोठा साडेनऊ. लेझरनं कापलेले, कडा वेड्यावाकड्या. पायवाटेनं चालत गेलो तसं त्यात काहीतरी हलल्यासारखं झालं. कपाळ, मग डोळा, मग ओठांची रेघ. साधारण ३५ मीटरवर एक जागा आहे, तिथे उभं राहिलं की मंडेलांचा चेहरा पुरा जुळून येतो. अंगावर काटा आला माझ्या. नातू पुढे पळाला आणि ओरडला, "आजी, इथून आजोबा गेले!" मीही चार पावलं बाजूला झाले. खरंच, चेहरा नाही, नुसते खांब.

जवळ जाऊन एका खांबावर हात ठेवला. गार, खरखरीत. त्याच्याकडे बघून तो गालाचा तुकडा आहे की केसांचा, काही सांगता येईना. त्या चेहऱ्याला पाठही नाही. फटींतून पलीकडचं गवत, टेकड्या, आभाळ दिसत राहतं. ढग सरकला की चेहऱ्यावरचा उजेड सरकतो. मार्को चिआनफानेली या शिल्पकारानं २०१२ मध्ये, अटकेला ५० वर्षं झाली तेव्हा हे उभं केलं. नाव ठेवलं 'रिलीज', म्हणजे सुटका. पकडलं त्याच जागी सुटकेचं शिल्प. एकट्या माणसाचा भरीव पुतळा इथे उभा केला असता तर मला इतकं भिडलं नसतं. स्वातंत्र्य एकट्यानं मिळत नाही, हे या खांबांना न बोलता कळलेलं आहे.

५ ऑगस्ट १९६२, तोही रविवारच. डेव्हिड मोत्सामायी या नावानं, ड्रायव्हरचा पांढरा डगला घालून मंडेला चालले होते. पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा बाजूच्या रानात उडी मारून पळावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय. नाही पळाले. बाहेर आले ते ११ फेब्रुवारी १९९० ला. सत्तावीस वर्षं!

त्या वर्षांतली एक गोष्ट मला फार जवळची आहे. पोल्समूरच्या तुरुंगात त्यांनी गच्चीवर बाग केली होती. तेलाचे लोखंडी पिंप आडवे कापून घेतले, माती भरली, कांदे लावले, टोमॅटो लावले. शेवटी जवळजवळ ९०० रोपं झाली. भाजी कैद्यांच्या स्वयंपाकाला जायची, पहारेकऱ्यांनाही मिळायची. सिमेंटच्या गच्चीवर, लोखंडाच्या कुशीत ९०० रोपं. आज खांबाला हात लावला तेव्हा मला हे पिंपच आठवले.

आणि अण्णा आठवले, माझे वडील. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, तुरुंगात होते ते. मी तेव्हा सहावीत. त्यांच्या पत्रांत राजकारणाचं अक्षर नसायचं, सेन्सॉर होतं. पण पुदिना असायचा. डालड्याच्या रिकाम्या डब्यात कुणीतरी आणून दिलेली काडी लावली होती त्यांनी. "आज तीन पानं," "आज मुंग्या लागल्या," "आज सगळ्यांच्या चहात घातला." आई ती पत्रं मोठ्यानं वाचायची आणि पुदिन्याच्या ओळीशी आली की तिचा आवाज बदलायचा. पुदिना ठीक आहे म्हणजे अण्णा ठीक आहेत, एवढं मला तेव्हाही कळायचं.

१९७७ ला सुटून आले तेव्हा एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात तो डबा. परसातल्या भिंतीवर ठेवला त्यांनी. मी कॉलेजात जाईपर्यंत तो तिथेच होता. तळाशी गंजून भोकं पडली होती, आणि त्या भोकांतूनही पुदिना बाहेर आला होता.