लाईट गेली की टॅब उतरतो

"गावात लाईट गेली की ह्याची पण बॅटरी भरभर उतरायल्या बघ."

दुकानात आल्यावर मामांचं हे पहिलं वाक्य. मी आणि काउंटरवरचं पोरगं, दोघंही हसलो. टॅब काय भिंतीतल्या बोर्डावर चालतो?

मामा एका सोसायटीची पिग्मी गोळा करतात, जांबोटीपासून वर कणकुंबीपर्यंत. रोजचे दहा, वीस, पन्नास रुपये. आमच्या बेळगावात चहाच्या गाड्यापासून सोन्याच्या पेढीपर्यंत पिग्मीवाला सगळीकडं जातो. पूर्वी कार्बन घातलेलं पुस्तक असायचं, आता सोसायटीनं आठ इंची टॅब दिलाय. टॅब सोसायटीचा आणि दुरुस्ती मामांच्या खिशातनं. हा कुठला न्याय ते त्यांनाच माहीत. सकाळी आठला शंभर टक्के करून निघायचं, दुपारी एकला टॅब बंद. उरलेल्या पावत्या कागदावर लिहायच्या आणि रात्री घरी बसून परत भरायच्या. तेही घरात लाईट असली तर.

तीन वर्षांचा टॅब, बॅकअप नाही. आमच्या धंद्यात याचं उत्तर तयार असतं: बॅटरी बदला. खरं सांगतो, दुरुस्तीत याच्याएवढं सुखाचं काम दुसरं नाही. आयसीच्या कामात डोळे जातात, डिस्प्ले काढताना फुटला तर आपल्या अंगावर येतो. बॅटरीचे मात्र तासाभरात अठराशे रुपये. तरी मी ते काम हात राखून करत नाही. टॅब हीट मॅटवर ठेवायचा, कडेचा गोंद मऊ झाला की प्लास्टिकची पातळ पिक घालून चारी बाजूंनी हळूहळू फिरायचं. आत बॅटरी डबल टेपनं घट्ट बसवलेली असते. ती स्टीलच्या पट्टीनं उचकटणारे महाभाग मी आमच्या खडेबाजारातच बघितलेत. आतला पापुद्रा फाटला की दुकानभर धूर. मी कडेनं आयपीएचे, म्हणजे गोंद सोडवणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, चार थेंब सोडतो, पाच मिनिटं थांबतो, मग ती आपोआप सुटून येते. नवी बॅटरीही स्टिकर वाचून घेत नाही. स्टिकरवर 5100 एमएएच काय, 9000 सुद्धा छापता येतं. हातात घेऊन वजन बघतो. हलकी लागली की परत.

आठ दिवसांनी मामा हजर. "तसंच हाय की रे."

मग मी इरेला पेटलो. टॅब ठेवून घेतला. वायफायवर, निम्म्या ब्राइटनेसला व्हिडिओ फिरत ठेवला: साडेनऊ तास चालला. टॅब बंद करून डीसी सप्लायवर लावला, लीकेज नाही, म्हणजे बंद असताना करंट कुठं गळत नाही. चार्जरच्या मध्ये यूएसबी मीटर घातला. जेवढं आत जायला पाहिजे तेवढंच गेलं. टॅबमध्ये काहीच दोष नाही म्हटल्यावर दोष माणसातच असणार, असं धरून मी बोलून गेलो, "मामा, घरात नातू हाय काय? गेम खेळत असंल."

मामा काही बोलले नाहीत. टॅब पिशवीत घातला, जुलैचा पाऊस म्हणून पिशवीवर प्लास्टिक गुंडाळलं आणि गेले. भांडले असते तर मी विसरलो असतो.

पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या स्कुटरवर मागं बसून निघालो. बायको म्हणाली, ह्याचे किती मिळणार?

जांबोटीत दहा वाजता 82 टक्के. पुढं रस्ता झाडीत शिरला. एक दुकान, एक गिरण, दोन-चार घरं. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं स्क्रीन चालू, बाकी वेळ टॅब पिशवीत. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत साडेअकराला पोचलो आणि पिशवीतनं टॅब काढला, तर 69. आणि पाठीला हात लावला तर कोमट. एवढ्या गार पावसात, कोणी हात न लावलेला टॅब कोमट!

हॉटेलात चहा सांगून सेटिंगमधली बॅटरीची यादी उघडली. सगळ्यात वर स्क्रीन असेल असं धरून चाललो होतो. वर होतं सेल स्टँडबाय, म्हणजे मोबाईल नेटवर्क धरून ठेवायचा खर्च, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात सिग्नल नसलेला वेळ: 46 टक्के.

मामा शेजारी बसून म्हणाले, "सकाळपास्नं लाईट नाही. टॉवरची बॅटरी आता संपत आली असणार." आमचा चहा संपायच्या आत टॅबवरची उरलेली एक दांडी गेली.

टॉवर जवळ असला की टॅबचा रेडिओ हळू बोलतो, लांब गेला की पूर्ण जोर लावून ओरडतो. टॉवरच गेला तर एकेक बँड धुंडाळत बसतो. त्यात सोसायटीचं ॲप. पावती भरली की ती लगेच वर पाठवायची, गेली नाही तर थोड्या वेळानं परत, मग परत. टॅब पिशवीत झोपलाय असं आपल्याला वाटतं, आत त्याची तडफड चालू असते. लोकेशनही दिवसभर चालू ठेवलेलं. हे ॲप लिहिणारा माणूस चोर्ल्याच्या वाटेला कधी आलेला नसणार.

शिवाय गोव्याची हद्द जवळ. मधेच तिकडचा टॉवर सापडला की टॅब कर्नाटक सोडून महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जातो, पाच मिनिटांनी परत येतो. 1956 पासून आम्हाला जे साधलं नाही ते मामांच्या टॅबला पिशवीतल्या पिशवीत साधतं. बॅटरी जाते ती गोष्ट वेगळी.

ही यादी मला दुकानात का दिसली नाही, याचं उत्तर जास्त लाजिरवाणं आहे. या टॅबमध्ये फुल चार्ज झालं की यादी नव्यानं सुरू होते. आणि टॅब दुकानात आला की मी पहिलं काय करतो? चार्जरला लावतो. म्हणजे पुरावा दोन्ही वेळा मीच पुसला. वर वायफायची टेस्ट; तिथं सिम काय करतं ते कळणारच कसं? आयपॅड 2010 साली पहिल्यांदा आला तेव्हाच कंपनीनं लिहिलं होतं, वायफायवर 10 तास आणि मोबाईल नेटवर्कवर 9. हा तासाचा फरक रेंज असताना. रेंज नसताना काय होतं ते कणकुंबीला येऊन बघा.

इलाज फुकटचा. पावती टॅबमध्ये साठते, त्यामुळं वाटेत एअरप्लेन मोड लावायचा. चांगल्या रेंजच्या तीन जागा मामांना पाठ होत्याच. तिथंच थांबून नेटवर्क उघडायचं. सोसायटीचा क्लार्क फोनवर कुरकुरला, मेसेज लगेच जायला पाहिजे म्हणाला. रेंज नसताना तो कसा जात होता, हे त्याला विचारलं तर गप्प. त्या दिवशी संध्याकाळी पाचला टॅबमध्ये 38 टक्के शिल्लक होते.

रात्री दुकान उघडून खोक्यातनं मामांची जुनी बॅटरी काढली. फुल चार्ज केली, डिस्चार्ज टेस्टरला एक अँपिअरचा लोड लावला आणि बसलो. चार तास पस्तीस मिनिटं चालली. 5100 ची बॅटरी तीन वर्षांनी 4580 देत होती, म्हणजे नव्वद टक्के. हीच टेस्ट आधी केली असती तर मामांचे अठराशे वाचले असते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "मामा, त्या बॅटरीचं जरा बोलायचं होतं..."

"एकदम झकास चाललाय रे!" मामा म्हणाले. "नवी बॅटरी सेट व्हायला दिवस लागतात, मी म्हणालोच होतो घरात."

मी "होय, होय" म्हणालो आणि फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात वाटेवरचे ते गिरणवाले आले. पिग्मीमामांनी पाठवलं म्हणाले, मोबाईल पुढं ठेवला आणि बॅटरी बदला म्हणाले. मी आधी बॅटरीची यादी उघडली, मग मीटर लावला. मोबाईल चांगला होता. त्यांना एअरप्लेन मोड दाखवला, बॅटरी बदलायची गरज नाही, पैसे नकोत म्हणालो. ते माझ्याकडं बघत उभेच राहिले.

"मामांना बदलून दिलीत की. मग आम्हाला का नाही?"

जुनी बॅटरी अजून ड्रॉवरमध्ये आहे. तो ड्रॉवर माझ्या हाताशीच होता.