आमची वाटचाल : तार, भुसा आणि घोसाळ्याच्या जाळीची झाडे

इमारतींच्या प्रतिकृती आणि देखाव्यांसाठी छोटी झाडे बनवण्याच्या आमच्या उद्योगाची सुरुवात दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर झाली. मुलाने किल्ल्यावर नेहमीप्रमाणे हळीव पेरले होते आणि चार-पाच दिवसांत ते इतके वाढले की बुरुजावरचे मावळे त्यात दिसेनासे झाले. तो अगदी हिरमुसला. माझे पती मोटार वाइंडिंगचे काम करतात, त्यामुळे घरात तांब्याच्या जुन्या तारेची भेंडोळी पडलेली असत. त्या तारेला पीळ देऊन, वर फेविकॉल लावून आणि हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरून मी त्याला दहा झाडे करून दिली. आर्किटेक्चर शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने ती पाहिली आणि आपल्या महाविद्यालयीन प्रतिकृतीसाठी वीस झाडे मागितली.

पहिली मोठी मागणी एका बंगल्याच्या प्रतिकृतीसाठी आली आणि ती पूर्ण परत आली. मी मोठ्या हौसेने २५ सेंटीमीटर उंचीची झाडे केली होती. प्रतिकृती १:१०० या प्रमाणात होती, म्हणजे बंगल्याच्या अंगणात मी २५ मीटरचे वृक्ष उभे केले होते आणि दोन मजली घर त्यांच्या पायाशी बसले होते. त्या दिवसापासून आम्ही ग्राहकाला ‘किती इंची झाड हवे’ असे विचारत नाही. प्रमाण कोणते आणि झाड कोणते, एवढेच विचारतो. १२ मीटरचा आंबा १:१०० मध्ये १२ सेंटीमीटरचा आणि १:२०० मध्ये सहा सेंटीमीटरचा होतो, हे कोष्टक कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लावले आहे.

‘झाड कोणते’ या प्रश्नाने मात्र आमचे कामच बदलले. झाड हिरव्या रंगावरून ओळखू येते असे मला वाटत होते, पण ते ओळखू येते ते आकृतीवरून. आंब्याचा घुमट गच्च असतो, बाभळीची छत्री विरळ आणि पसरट असते, तर उंच अशोक सरळसोट असून त्याची पालवी खाली झुकलेली असते. आम्ही रविवारी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जाऊन झाडांची रेखाटने करू लागलो आणि पानझडीच्या दिवसांत मुद्दाम जाऊ लागलो, कारण फांद्यांची खरी मांडणी तेव्हाच दिसते. आजही नवी सहकारी आली की तिला पहिला आठवडा तारेला हात लावू देत नाही. ती फक्त झाडे पाहते आणि काढते.

सांगाड्यासाठी साधारण ३२ पदर घेतो, खाली एकत्र पिळून खोड करतो, मग त्यांचे आठ-आठ, चार-चार आणि शेवटी दोन-दोन असे वाटे करत फांद्या काढतो. टिश्यू पेपर गोंदात कालवून खोडावर थापला की सालीच्या सुरकुत्या आपोआप पडतात. पालवीसाठी सर्वांत गुणी वस्तू म्हणजे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी : बिया झटकून ती हाताने विस्कटली की अशी हवेशीर पोत मिळते, जी बाजारातल्या कोणत्याही स्पंजला येत नाही. त्यावर पाणी घातलेला फेविकॉल फवारून चाळलेला भुसा पेरतो. फवाऱ्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की गोंद गोळा न होता आतपर्यंत झिरपतो. माडाच्या झावळ्या कागदाच्या असतात. मधे तार चिकटवून दोन्ही कडा कात्रीने बारीक कातरायच्या. वडाच्या पारंब्यांना फार चिकाटी लागते, कारण गोंदात बुडवलेला प्रत्येक दोरा खाली छोटे वजन बांधून टांगूनच वाळवावा लागतो, नाहीतर तो वेडावाकडा आखडतो.

सुरुवातीला खर्च वाचवण्यासाठी मैद्याची खळ वापरली आणि पावसाळ्यात सगळ्या मालाला बुरशी आली. माझे सासरे बुक बाइंडिंग करत असत. त्यांनी खळीत मोरचूद घालायला सांगितले. बुरशी थांबली, पण मोरचूद विषारी असतो आणि किल्ल्यावरची झाडे मुलांच्या हातात जातात, म्हणून आम्ही खळच सोडली. भुशाला खाण्याचा रंग देणेही असेच सोडावे लागले, कारण दुकानाच्या काचेमागे उन्हात ठेवलेली झाडे फिकी पडली. आता फक्त अ‍ॅक्रिलिक रंग वापरतो.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि गणपतीच्या सजावटीसाठी लोक पुठ्ठा, कागद, लाकूड यांकडे वळले. घरगुती देखाव्यांसाठी मागणी वाढली ती तेव्हापासून. आज आम्ही सहा जणी काम करतो. भुसा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून येतो; घोसाळी मात्र गावाकडून वाळवूनच मागवतो, कारण शहरात ती कोवळी असतानाच विकली जातात.

बांबूचे बेट आम्हांला अजून मनासारखे जमलेले नाही. खराट्याचे हीर वापरून पेरे छान दिसतात, पण शेंड्याकडचा वाक येत नाही. सध्या हीर रात्रभर भिजवून, दोरीने वाकवून वाळवण्याचा प्रयोग चालू आहे.