पाण्याखालच्या गप्पा

आज तरणतलावावर लेकीने बुडी मारली आणि पाण्याखालून माझ्याकडे बघत हातवारे सुरू केले. मला वाटलं, गटांगळ्या खातेय! घाबरून तिला वर ओढली, तर मॅडमच वैतागल्या, "बाबा, मी मेटकायिनांसारखं बोलत होते ना!"

काल रात्री 'अवतार'चा 2022 चा दुसरा भाग बघितला, त्याचा हा परिणाम. त्यातल्या नावी नावाच्या परग्रहवासीयांपैकी समुद्रावरचे मेटकायिना पाण्याखाली खुणांनी बोलतात. त्या खुणा सी. जे. जोन्स या कर्णबधिर अभिनेत्याने रचल्यात, हे मला तिच्यामुळेच कळलं. तोंडाने बोलायची नावी भाषा वेगळी, ती पॉल फ्रॉमर या भाषातज्ज्ञाची. (आपलं बरंय, पाण्यात तोंड उघडलं की क्लोरीन.)

नावींच्या हाताला चारच बोटं, म्हणून त्यांची मोजणी आठांची. आठ म्हणजे 'वोल'. परतताना रिक्षात लेक दोन्ही करंगळ्या दुमडून घोकत होती. उतरताना काकांनी दहा रुपये सुट्टे मागितले.

"म्हणजे एक वोल आणि वर दोन," लेक म्हणाली.

काका माझ्याकडे बघत राहिले. मी निमूटपणे नाणं काढलं.