आठ मुलांमागे दोन शिक्षिका

अमेरिकेत नॉनप्रॉफिट चालवते असं सांगितलं की आपल्याकडच्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे पगार नाही?" पगार आहे. आणि तो किती, हे कुणालाही घरबसल्या बघता येतं. करमाफी मिळालेल्या संस्थेला दरवर्षी आयकर खात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो, तो सगळ्यांना खुला असतो आणि त्यात संचालकाचा पगार नावानिशी दिलेला असतो. नात्यातल्या चौकस मंडळींची चांगलीच सोय झाली आहे.

मी मिशिगनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी एक संस्था चालवते. आले तेव्हा एच-४ व्हिसा होता, नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून मुलांना गोष्टी वाचून दाखवायला स्वयंसेवक म्हणून जायला लागले. पुढे कागदपत्रं मार्गी लागली आणि तिथेच नोकरी मिळाली. आधीच्या संचालक निवृत्त झाल्यावर बोर्डाने मला विचारलं. तो इतिहास एवढाच पुरे. आज लिहायचंय ते संस्था वाढवण्याबद्दल.

बोर्डावरची बरीच मंडळी उद्योगधंद्यातली आहेत. सगळी विनामोबदला काम करतात, मनापासून करतात, पण हिशोब त्यांच्या सवयीचा मांडतात: काम दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च उतरतो. आमच्याकडे तो उतरत नाही. आमचं बरंचसं काम 'हेड स्टार्ट' या गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून चालतं. ती सुरू झाली १९६५ साली, म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या दहा वर्षं आधी. तिचा नियम सरळ आहे: तीन वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात दोन शिक्षिकांमागे जास्तीत जास्त आठ मुलं. सोळा मुलं झाली की चार शिक्षिका. नवव्या मुलासाठी तिसरी शिक्षिका आणायची, दहाव्यासाठी नवीन खोली शोधायची. यात काटकसरीला कुठेच फट नाही, आणि नसावीच. दोन हातांत किती रडणारी बाळं मावतात, हे ज्याने एकदा तरी वर्गात बसून पाहिलंय तो हा वाद घालत नाही.

देणगीदारांना मात्र स्वस्तात परिणाम हवा असतो, आणि त्यासाठी हमखास दाखला येतो आमच्याच राज्यातला. इथल्या इप्सिलांटी गावात १९६२ साली पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली १२३ कृष्णवर्णीय मुलं. त्यांपैकी ५८ बालवाडीत घेतली, बाकीची नाही, आणि दोन्ही गटांचा मागोवा पुढे चाळिशीपर्यंत आणि त्यानंतरही ठेवला. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीवरचा परतावा वर्षाला सात ते दहा टक्के काढला. हा आकडा प्रत्येक फंडरेझरच्या, म्हणजे निधी गोळा करायच्या कार्यक्रमाच्या, पडद्यावर झळकतो. माझ्याही झळकतो, खोटं कशाला सांगू! पण त्या बालवाडीत पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईबरोबर बसायची, हे त्या पडद्यावर नसतं. परतावा सगळ्यांना पाठ आहे. शिक्षिकेच्या पगाराचा विषय निघाला की लोक घड्याळ बघतात.

कारण पैसा येतो तो बहुतेक वेळा नाव लिहून येतो. हा पुस्तकांसाठी, हा खेळण्यांसाठी, हा फक्त अमुक वस्तीतल्या मुलांसाठी. छपराची गळती, हिशोबनीस आणि ऑडिटची फी यांच्या नावाने कुणी चेक फाडत नाही. २०१३ साली देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं होतं की प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. पत्र गाजलं, सवय फारशी बदलली नाही. सरकारने मात्र थोडं मनावर घेतलं. ज्या संस्थेने केंद्र सरकारशी बोलून वेगळा दर ठरवलेला नाही, तिला सरकारी अनुदानातून अशा प्रशासकीय खर्चापोटी सरसकट मिळणारा दर २०२४च्या ऑक्टोबरपासून दहाचा पंधरा टक्के झाला.

पुन्हा, हेड स्टार्टचा पूर्ण खर्च सरकार देत नाही. शंभरातले ऐंशी त्यांचे, वीस आपण स्थानिक पातळीवर उभे करायचे. ते रोखच हवेत असं नाही. कुणी जागा फुकट दिली, दंतवैद्याने सकाळभर मुलांचे दात तपासले, एखाद्या वडिलांनी वर्गात येऊन मदत केली, तर त्या वेळेची रक्कम करून ती या विसात धरता येते. त्यासाठी एक फॉर्म असतो: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, सही. आमच्या ऑफिसात या फॉर्मांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. आजी येते, नातवंडासह सगळ्या वर्गाला गोष्ट सांगते, आणि निघताना मी तिच्यामागे पेन घेऊन धावते. संचालकपद म्हणजे बरंचसं हेच.

कुटुंबांसाठी काम करायचं तर डायपर लागतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर हसू आलं असतं. इथे गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते, पण त्या पैशांतून डायपर घेता येत नाहीत. आणि बहुतेक डे-केअर दिवसभराचे डायपर घरून मागतात. डायपर नाहीत तर बाळ ठेवता येत नाही, बाळ ठेवता येत नाही तर कामावर जाता येत नाही, आणि तासावर पगार असलेल्या बाईचा तो दिवस बुडतो. म्हणून आम्ही डायपरचं कपाट सुरू केलं. देणगी देणारे हौसेने तान्ह्या बाळांचे छोटे डायपर आणतात, ते दिसतातही गोंडस. आयांना हवे असतात पाच आणि सहा नंबरचे, कारण मोठ्या मापाच्या पाकिटात नग कमी येतात. आता आम्ही दारावरच मापं लिहून ठेवली आहेत.

सध्या चर्चा आहे दुसऱ्या केंद्राची. जागा बघून झाली आहे, बोर्ड उत्साहात आहे. पण हेड स्टार्टमध्ये बोर्डाखेरीज आणखी एक मंडळ असतं, पॉलिसी कौन्सिल, आणि त्यात निम्म्याहून जास्त सभासद सध्या शिकणाऱ्या मुलांचे पालक असावेच लागतात. अंदाजपत्रकाला त्यांचीही मंजुरी लागते. मागच्या बैठकीत मी आराखडा मांडला. मांडीवर पोर घेऊन बसलेल्या एका आईने विचारलं, "नवीन केंद्र निघालं की आमच्या मुलांच्या टीचर तिकडे जाणार का?"

आराखड्यात तसंच होतं: अनुभवी शिक्षिका तिकडे, नव्या भरतीच्या इकडे. कागदावर फार शहाणपणाचं वाटत होतं. पण या वयात मूल एका माणसाला धरून असतं. ते माणूस मध्येच गेलं तर कित्येक मुलं पुन्हा पहिल्या दिवसासारखी दाराशी रडत उभी राहतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिचं एक मूल त्यातून गेलं होतं.

सुधारलेल्या आराखड्यात दुसरं केंद्र एक वर्ष पुढे ढकललंय. त्याआधी आहेत त्या शिक्षिकांची पगारवाढ आणि एक पूर्णवेळ हिशोबनीस. बोर्डातल्या दोघांना हे मुळीच पटलेलं नाही. मतदान पुढच्या महिन्यात आहे.