निकोडेमसची प्रतिकृती : नोंद चौथी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस गावाची, छोट्या रेल्वेसह, १:१६० प्रमाणातील प्रतिकृती नेमक्या कोणत्या वर्षाची करावी, हा मागील नोंदीत लोंबकळत राहिलेला प्रश्न आता सुटला आहे : वर्ष १८८८. त्यासाठी काही आवडत्या इमारतींवर पाणी सोडावे लागले. गावात आज उभ्या असलेल्या पाच ऐतिहासिक इमारतींपैकी फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च १९०७ चे, शाळा १९१८ ची आणि टाउनशिपचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, हॉल १९३९ चा. म्हणजे प्रतिकृती मांडलेल्या माझ्या फळीवर त्यांना जागा नाही. उरले ते सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि दुसरे चर्च.

गावाची सुरुवात मात्र फळीच्या कडेला ठेवली आहे. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांनी या झाडे नसलेल्या माळावर जमिनीत खोदूनच घरे केली होती. १८७८ मध्ये पोहोचलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसेचना. पतीने बोट दाखवले ते जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे, आणि त्यांना रडू कोसळले. या प्रमाणात असे घर म्हणजे गवताचा एक उंचवटा आणि एक मिलिमीटर जाडीच्या तारेचे धुराडे, एवढेच. पाहुण्यांना ते बोट दाखवल्याशिवाय दिसत नाही, आणि मला ते तसेच हवे आहे.

चुनखडीच्या भिंतींसाठी प्लास्टरचे पत्रे ओतून त्यांवर सुईने दगडांचे सांधे कोरले. साचा उघडण्याची घाई केल्यामुळे पहिले दोन पत्रे तडकले. तिसरा रात्रभर वाळू दिला, तेव्हा जमला.

खरी अडचण रेल्वेची आहे. आपण सगळे रूळवेडे, त्यामुळे प्रत्येकाचा पहिला प्रश्न स्टेशनाचाच असतो. निकोडेमसला स्टेशन कधी मिळालेच नाही. १८८७ मध्ये गावात दोन वृत्तपत्रे निघत होती, आणि मिसूरी पॅसिफिक रेल्वे यावी म्हणून टाउनशिपने १६,००० डॉलरचे रोखे मतदानाने मंजूर केले होते. तरीही बोलणी फिसकटली, आणि पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकने आपला मार्ग साउथ सॉलोमन नदीच्या दक्षिणेने नेला. तेथे बोग हे गाव वसले आणि निकोडेमसचे दुकानदार तिकडे जाऊ लागले.

प्रत्यक्षातले काही मैलांचे अंतर माझ्या फळीवर दोन फुटांत बसवले आहे, हा दोष मान्य. इंजिन पलीकडच्या कडेने ये-जा करते. नदीवर रेल्वेचा पूल केलेला नाही. निकोडेमसच्या मुख्य रस्त्यावरची लाकडी दुकाने मात्र मी डिंकाने चिकटवलेली नाहीत. ती टाचण्यांवर उभी आहेत, आणि बोगच्या बाजूलाही तेवढीच भोके पाडून ठेवली आहेत.