मुद्देमालाची पेटी उघडते तेव्हा

जुन्या, न उलगडलेल्या खुनाचा तपास दाखवणारा मालिकेचा भाग आपण ‘खुनी कोण’ हे कळण्यासाठी बघत नाही. ते दहाव्या मिनिटाला ओळखता येतं, आणि सोबत बघणारा पुणेकर असेल तर तो पाचव्याच मिनिटाला सांगून मोकळा होतो. खरी ओढ वेगळ्या गोष्टीची असते: तीस वर्षं तोंड न उघडलेला माणूस आज का बोलतोय?

‘कोल्ड केस’ या अमेरिकन मालिकेनं (२००३ ते २०१०, सात पर्वं, फिलाडेल्फिया शहर) याचा साचा पक्का केला. आधी पडद्यावर साल येतं आणि त्या काळचं गाणं वाजतं. मरणारा माणूस आधी चांगला जिवंत, हसता-बोलता दिसतो, मग प्रेत, मग कागदांची पेटी फळीवर जाते. आजच्या काळात चौकशी सुरू झाली की म्हातारा साक्षीदार बोलता बोलता पापणी लवेपर्यंत तरुण होतो आणि पुन्हा म्हातारा. एका व्यक्तीला दोन नट लागतात, आणि सगळी मेहनत इथंच असते. सारखा चेहरा शोधून भागत नाही. मान वळवण्याची ढब, चालणं, चष्मा वर सारायची सवय दोघांत सारखी लागते. ती नसली तर प्रेक्षक कथा सोडून ‘हा कोण?’ करत बसतो.

मधलं अंतर साधारण वीस ते चाळीस वर्षांचं असावं. दहाच वर्षं असतील तर तोच नट मिशी काढून चालवतात आणि ते नाटकी वाटतं. पन्नासच्या पुढे गेलं की साक्षीदारच उरत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या दिवशी ‘वाहून गेला’ असं धरलेला माणूस खरं तर आदल्या रात्रीच मारला गेला होता, ही कल्पना कुणालाही मोहात पाडेल. पण त्या वेळी वीस वर्षांचा असलेला साक्षीदार आज ऐंशीच्या पुढे आहे. चौकशीच्या खोलीत त्याच्याशी आवाज चढवून बोलणारा इन्स्पेक्टर वाईट दिसतो.

आता हा साचा पुण्यात आणला की काय बदलतं ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे ती देखणी पेटी नसते. असते ती मुद्देमालाची खोली. कापडात शिवलेलं, लाखेची मोहोर लावलेलं गाठोडं, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंचांतला एक बहुधा वारलेला, दुसऱ्याचा पत्ता म्हणजे पाडलेला वाडा. केसही ‘बंद’ नसते, ‘ए समरी’ असते. महाराष्ट्रात पोलीस कोर्टात तीन प्रकारचे समरी अहवाल देतात. ए म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही. बी म्हणजे फिर्यादच खोटी, तीही द्वेषानं केलेली. सी म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही, गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आपल्या भागाची केस ‘ए’मध्येच सापडते. नवीन धागा मिळाला की पुढचा तपास करता येतो आणि खुनाला मुदतीची आडकाठी नाही. लेखक हमखास घसरतो तो कलमावर. १९९४ च्या खुनाचं आरोपपत्र आज दाखल झालं तरी जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागतं. भारतीय न्याय संहितेचं १०३ हे १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. इन्स्पेक्टरच्या तोंडी १०३ आलं की जाणकार प्रेक्षक तिथंच टीव्हीचा आवाज कमी करतो.

हद्दीचीही गंमत आहे. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. म्हणजे त्याआधीचा भोसरीतला खून पुणे शहर पोलिसांच्या कागदात आणि आजचा तपास दुसऱ्या आयुक्तालयाकडे. ‘फाइल तिकडे गेली’, ‘नाही, तुमच्याकडेच आहे’ या दोन वाक्यांवर सहज चार मिनिटांचा प्रसंग उभा राहतो, आणि तो पाठलागापेक्षा खरा वाटतो.

पुराव्याचं सांगायचं तर रक्ताचा डाग असलेलं सुती कापड वाळवून कागदी पाकिटात ठेवलं असेल तर वर्षानुवर्षांनीही त्यातून डीएनए मिळू शकतो. तेच कापड ओलं असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. नव्वदीच्या सुरुवातीला डाग पाठवले जायचे ते मुख्यतः रक्तगटासाठी, हातमोज्यांची फिकीर कुणी करत नसे. त्यामुळे जमादारापासून पंचापर्यंत सगळ्यांची त्वचा त्या कापडावर. गणेशखिंडच्या प्रयोगशाळेतून संध्याकाळी अहवाल आला असं दाखवू नये. नुसती चाचणीही तासाभरात उरकत नाही आणि रांग वेगळीच. आणि संगणक ‘टिंग’ करून नाव सांगतो, ते तर मुळीच नाही. गुन्हेगारांच्या डीएनएची देशभराची पेढी आपल्याकडे उभीच राहिली नाही, त्यासाठीचं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. बोटांच्या ठशांचं तसं नाही, त्यांची राष्ट्रीय प्रणाली ‘नाफिस’ २०२२ पासून आहे. तेव्हा पुण्यातल्या कथेत नाव ठशातून निघावं, आणि डीएनएनं फक्त ‘हाच’ किंवा ‘हा नव्हे’ एवढं सांगावं.

सर्वांत मोठी अडचण शेवटाची. अमेरिकन भागात शेवटी खुनी टेबलापलीकडे बसून रडत रडत सगळं कबूल करतो. शिवाजीनगर कोर्टात त्या रडण्याची किंमत शून्य. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरलाच जात नाही, तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे रीतसर द्यावा लागतो. चालतो तो निवेदन पंचनामा, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७: आरोपीनं सांगितलं आणि त्यामुळे वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य. नाट्य हवं तर ते इथं आहे. आरोपी म्हणतो, ‘अडकित्ता वाड्याच्या आडात टाकलाय.’ पोलीस, दोन पंच, फोटोग्राफर सगळे सदाशिव पेठेत पोचतात. वाडा नाही. पाच मजली इमारत आहे, आड बुजवून त्यावर पार्किंग आहे आणि नेमक्या त्या जागेवर सोसायटीच्या चेअरमनची गाडी. फरशी फोडायची तर परवानगी कुणाची? आणि वस्तू मिळालीच, तरी बचावाचा वकील विचारणार की ज्या आडावर सगळा वाडा पाणी भरायचा, तिथली वस्तू आरोपीचीच कशावरून?

म्हणून सगळा भार पुन्हा साक्षीदारावर येतो. ‘इतकी वर्षं गप्प का होता?’ हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न, आणि चांगल्या भागाचा कणाही तोच. ‘मनाला टोचत होतं’ हे उत्तर लेखकाच्या आळसाचं. बोलण्याला आजचं, साधं कारण हवं. ज्याची भीती होती ते काका गेले. नवऱ्याशी पटेनासं झालं. पुण्यात सर्वांत पटणारं म्हणजे वाड्याच्या पुनर्विकासात धाकट्या भावाला वन बीएचके आणि थोरल्याला टू बीएचके. तीस वर्षं घराण्याच्या अब्रूसाठी दाबलेली गोष्ट दीडशे चौरस फुटांसाठी बाहेर येते. आणि याच कारणामुळे त्याची साक्ष संशयास्पदही ठरते. अधिकाऱ्याला त्याच्यावर विश्वास ठेवायचाय आणि ठेवताही येत नाही, भाग रंगतो तो इथं.

पुण्यात १९७६-७७ मधल्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात जुना गुन्हा उलगडला तो आणखी वेगळ्या वाटेनं. जानेवारी १९७६ मध्ये नाहीसा झालेल्या तरुणाचं काय झालं, हे १९७७ मध्ये नंतरच्या खुनांसाठी टोळी पकडली गेल्यावर समोर आलं. सामील असलेल्यांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. नवा गुन्हा जुन्याचं कुलूप उघडतो, ही रचना मालिकेत मात्र जपून वापरावी. नाहीतर सगळं लक्ष नव्या खुनाकडे जातं.

काळ उभा करताना पैसा नको, डोळा हवा. १९८० च्या प्रसंगात स्कूटरवर एमएच-१२ ची पाटी नको, तेव्हा ती पद्धतच नव्हती. लूना चालेल, ती १९७२ पासूनची. भिंतीवर कालनिर्णय चालेल, पण त्याच सालाचं. गाण्याबाबत सावध: ‘कोल्ड केस’ वर्षानुवर्षं डीव्हीडीवर आली नाही ती गाण्यांच्या हक्कांपायीच. आपल्याकडे गाण्यावाचूनही भागतं. स्टोव्हची फरफर, आतल्या खोलीतून रेडिओवरच्या सात-पाचच्या मराठी बातम्या, आणि ऐकणारं माणूस अजून जिवंत.